नखाला लागतं का

"नखाला लागतं का बघ," इनासियो म्हणाला.
नाही.
"मग जाईल."

खाणीची तांबडी धूळ वायपरखाली
किती वर्षं फरफटवली मी.
दुपारी काच निर्मळ;
पाचला ऊन समोर आलं की
कंपासने काढल्यागत अर्धवर्तुळं.

गुलाबी पूड त्याने पाण्यात कालवली,
चकती फिरवली,
मधूनमधून तळवा टेकवून पाहत राहिला,
तापली तर तडकेल.

एक चर मात्र नखात अडकला.
नेमका माझ्या बाजूचा.
"राहू दे. जास्त घासलं तर
रस्ताच वाकडा दिसेल."

पैसे विचारले. म्हणाला,
"चराचे वजा कर."

कुडचड्याच्या पुलावर ऊन समोर आलं.
ट्रक बंद झाले त्याला जमाना झाला,
तरी इतका रिकामा रस्ता
आजच दिसला.