सतरा रुपये सत्तर पैसे

दर तीन महिन्यांनी बँक माझ्याकडून
सतरा रुपये सत्तर पैसे घ्यायची,
मला मेसेज पाठवल्याबद्दल.
मेसेज जायचा त्या फोनवर
जो, आयर्विनखाली पाणी चढत गेलं त्या ऑगस्टात
दुकानासकट बुडाला.
गणपती पेठेत गाळ उपसताना
वजनं सापडली सगळी, पाच किलोपासून पन्नास ग्रॅमपर्यंत.
फोन नाही.

मी काटे दुरुस्त करतो.
बापानं शिकवलं ते एवढंच:
आधी रिकामा काटा बघायचा.
रिकामा असतानाच जो झुकतो
त्याच्यावर काही ठेवून उपयोग नाही.

मेहजबीननं पासबुक छापून आणलं.
म्हणाली, अब्बा, हे बघा,
शिल्लक कमी म्हणून दंड, दोनशे छत्तीस.
दंड कापला म्हणून शिल्लक कमी.
शिल्लक कमी म्हणून दंड.
असं पाच वेळा.
पोरीचं बोट रकान्यातून फिरत
निघालं तिथंच परत आलं.

बँकेत तीन नंबरवरून सातवर पाठवलं,
सातवर साहेब जेवायला गेलेले.
"सिस्टिम कापते, चाचा."
म्हटलं, सिस्टिमला भेटता येईल का?
मॅडम हसल्या. वाईट नव्हत्या.
त्यांनीच हळू आवाजात सांगितलं,
ग्राहक आयोगात जा, एवढ्याशा रकमेला फी नाही,
वकीलही लागत नाही.
माझं नाव सांगू नका.

सांगत नाही.

"तक्रारदार, इलाही बंदेनवाज शिकलगार!"
शिपायानं पुकारलं
तेव्हा मी मागं वळून पाहिलं,
कोण मोठा माणूस आला म्हणून.

भिंतीवर तराजूचं चित्र होतं,
डावं पारडं बोटभर खाली.
सवय वाईट. तारखेमागून तारखा
मी ते मनातल्या मनात सरळ करत बसायचो.

बँकेचे वकील कुंभोजकर कोल्हापुराहून यायचे,
स्वतःच्या गाडीनं.
त्या डिझेलमध्ये माझा दावा दोनदा मिटला असता.
त्यांनी आकडा वाचला,
एक हजार चारशे त्रेसष्ट रुपये, आणि, थांबून, वीस पैसे.
मागच्या बाकावर कुणी हसलं.
मी म्हटलं, साहेब,
वीस पैसे मी नाही घातले. तुम्हीच कापले.

मग त्यांनी फॉर्म काढला. मुंगीएवढ्या अक्षरातल्या अटी,
खाली माझी सही, तरुणपणची, शेपूट लांब असलेली.
मी वजनांचा डबा उघडला.
त्यात तळाशी होता नंबर बदलायचा अर्ज,
पुरानंतर दोन महिन्यांनी दिलेला,
बँकेचा गोल निळा शिक्का, पोच.

अध्यक्षबाईंनी कागद उजेडाकडे धरला.
"मग चार वर्षं हे मेसेज जात होते कुठं?"
कुंभोजकर फाईल चाळत राहिले.
मी म्हटलं, कृष्णेत.

नको होतं म्हणायला.
पण बाई खाली मान घालून
बराच वेळ काहीतरी लिहीत राहिल्या,
ओठ आवळून.

व्हरांड्यात एक जण जवळ आला.
चाचा, रक्कम आजच जमा करतो, तक्रार मागं घ्या.
पैसे पाहिजेतच, मी म्हटलं,
पण लिहून पाहिजेत.

लिहून मिळाले. वर नऊ टक्के व्याज,
खर्चापोटी दोन हजार.
तेरा तारखांना तेरा दिवस शटर खाली होतं.
हिशेब मला येतो, विचारू नका.

पैसे जमा झाल्याचा मेसेज काही आला नाही.
मेहजबीन म्हणाली, गेला असेल जुन्या नंबरवर.
आणि पासबुक माझ्यापुढं सरकवलं.
जमेच्या ओळीखाली, शाई अजून ओली वाटावी अशी,
नवी ओळ:
सतरा रुपये सत्तर पैसे.

समोर भाजीवालीचा काटा पडला होता दुरुस्तीला.
म्हटलं, मावशी, जरा बसा.
डबा पुन्हा खाली काढला.
शिक्का फिका झालाय थोडा.
वाचता येतो.