पिंपळगाव, कोणतं?

पूर्णा जंक्शनला, रात्रपाळीत,
टपालाच्या खोलीत अठ्ठेचाळीस कप्पे होते
आणि मैनोद्दीन.

मी नवा. अक्षर बरं म्हणून घेतलेला.
पहिल्याच आठवड्यात कप्प्यांना चिठ्ठ्या डकवल्या,
जालना, परतूर, परभणी, मानवत, सेलू,
क्रमात एक अक्षर इकडचं तिकडं नाही.
लांब उभं राहून बघितलं. खूश झालो.

तो पान थुंकून आत आला, म्हणाला,
"लेका, गाडी काय बाराखडीनं चालती का?"
आणि सगळ्या चिठ्ठ्या नखानं खरवडून काढल्या.
मिरखेल. पिंगळी. परभणी. पेडगाव.
मानवत रोड. सेलू. सातोना. परतूर.
जशी गाडी थांबते तशी.
आधी उतरायचं ते हाताजवळ,
परळीकडचं परभणीच्या खाली, डावीकडं,
कारण तिथं रूळ वळतो.
त्या रात्री पहिल्यांदा
सिग्नल पडायच्या आत थैल्यांना लाख लागली
आणि चहा गरम मिळाला.

मग पिंपळगाव.
आमच्याकडं दगड उचलला की खाली पिंपळगाव निघतं.
ढेंगळी पिंपळगाव, पिंपळगाव रेणुकाई,
पिंपळगाव महादेव, पिंपळगाव निमजी,
आणि नुसतंच पिंपळगाव, ज्याला वाटतं
जगात आपण एकटेच.
लिहिणाऱ्यालाही तसंच वाटतं.
'पिंपळगाव' लिहितो, खाली रेघ ओढतो, संपलं.

ज्याचा ठाव लागेना ते पत्र शेवटच्या कप्प्यात.
त्या कप्प्याला मैनोद्दीननं नाव दिलं नाही.
"नाव दिलं की पत्र तिथंच ऱ्हायला लागतंय."
सकाळी पाळी सुटली की फलाटावरच्या नळापाशी बसून
तो ते पत्ते मोठ्यानं वाचायचा.
हमाल, शेंगावाला, हाळीच्या बाजाराला निघालेले दलाल,
कुणी ऐकायचं, कुणी चूळ भरून निघून जायचं.

एक निळं आंतर्देशीय होतं,
'चतराबाई, सरकीवाली, पिंपळगाव.'
अकरा दिवस कप्प्यात.
बाराव्या दिवशी एक कासारीण थबकली,
डोक्यावरची पेटी न उतरवता म्हणाली,
"चतराबाई? सव्वादोनचं माप. डावं मनगट जरा जाड.
पिंपळगाव सोडून दोन वर्सं झाली तिला.
मानवतला जिनिंगवर असती, गेटाजवळच्या खोलीत."

मैनोद्दीननं जुन्या नावावर रेघ मारली,
इतकी बारीक की खालचं वाचता यावं.
वर लिहिलं मानवत.
चारच्या गाडीनं पत्र गेलं, पाचव्या कप्प्यातून.

त्याआधी मी ते उन्हासमोर धरलं होतं.
त्यानं मनगटावर टपली मारली.
"आतलं तिचं. आपलं फक्त भाईरचं."

शेवटचा कप्पा मी फडक्यानं पुसून घेतला.
संध्याकाळच्या थैलीत
आणखी तीन निघाली,
तिन्हींवर नुसतं पिंपळगाव.