गाभा

शेठ कुदळे जन्मात घोड्यावर बसले नाहीत.
भवानी पेठेतून पालिकेत सायकलनं जायचे,
धोतराला क्लिप लावून,
चढ आला की उतरून चालायचे.

कमिटी म्हणाली, घोडा हवाच.
मग मुनीरभाईंची लग्नातली घोडी आणली.
तीन दिवस कारखान्यात उभी राहिली बिचारी,
बँड का वाजत नाही म्हणून कान टवकारत.
तिचा घोडा झाला
तोही कमिटीच्या ठरावानं.

गाभ्याला माती, शेण, भाताचं तूस
आणि चिकटायला गूळ.
गूळ शेठच्याच आडतीवरचा.
नातवानं बिल पाठवलं.

ब्राँझ ओतलं त्या रात्री
तांबट आळीला जळक्या काकवीचा वास.
गाभा काही सगळा निघत नाही.
डाव्या मागच्या पायात धग पोचलीच नव्हती,
हे मी कुणाला सांगितलं नाही.

चौकाला नाव त्यांचं आहे,
रिक्षावाल्याला मात्र ‘घोड्यापाशी’ एवढंच कळतं.
हार वर्षातून एकदा.

पण चैत्रात जाऊन बघा,
खुराच्या फटीतून मुंग्या आत चाललेल्या,
एकामागे एक, हमालांसारख्या,
मान वर न करता.