परतीचंही?

सान्तियागोहून प्रकाशिकेचं पत्र आलं:
कादंबरी चांगली आहे, पण माणसं फार.
पंधरा वर्षांच्या पोराच्या गोष्टीला
एवढं वऱ्हाड कशाला?
तेरा जण काढा. यादी सोबत जोडली आहे.

चिलोए बेटावर तेव्हा ओहोटी होती.
खांबांवरच्या घरांखालचा चिखल उघडा पडलेला,
त्यात कुणाचा तरी एक बूट.
मी लाल पेन्सिल घेतली.

आधी दोन्या एदुल्फा, पान नऊ.
बटाट्यांच्या पोत्यावर बसून ती एवढंच म्हणते,
"डागी आधी खायचा रे, धडका बियाण्याला."
तिला खोडलं.
आणि पान एकशे साठवर
बेलार्मिनो वडिलांवर ओरडला, तो थांबलाच नाही.
आधीच्या खर्ड्यात थांबायचा.
त्या पानाला मी हातही लावला नव्हता, शपथ.

मग मुका सिक्स्तो, होड्यांना डांबर लावणारा.
त्यानं गाठ मारून दाखवली, सोडून दाखवली,
पुन्हा मारली, सोडली,
आणि दोर पोराच्या हातात देऊन
पाठ फिरवून चालता झाला. अर्धं पान.
तो गेला तशी
वादळाच्या प्रकरणात होडी सुटली.
ती तशीच वाहत जाऊ द्यावी लागली मला.

नर्स ओयार्सून:
वडील गेल्याचं सांगण्याआधी
जिनं पोराला ओले मोजे काढायला लावले.
तिच्यावरही रेघ.
बातमी त्याला ओल्या मोज्यांतच कळली
आणि पुढची चाळीस पानं
तो नुसता कुडकुडत राहिला.

मागच्या बाकावरची ती मुलगी
(जिच्यावर त्याचं प्रेम नव्हतं,
जिचं नावही तो चुकीचं सांगतो)
त्याचं कोवळं मिसरूड बघून फिसकन हसली होती.
तीन दिवस तो जळला,
चौथ्या दिवशी आरशात बघून स्वतःच हसला.
ती गेली, आरसाही गेला.

रात्री उशिरा तेरावा राहिला.
धक्क्यावरचा तिकीटवाला.
त्याची दाढ ठणकते आहे, गालावरून मफलर बांधलेला,
आणि वर न बघता तो विचारतो,
"जायचंच, की परतीचंही?"

बस्स. एवढंच काम त्याचं.
पोरगा गप्प.
मागे रांग, कोंबड्यांची टोपली घेतलेली एक बाई
त्याला कोपरानं ढोसते,
बोट भोंगा देते,
आणि पोरगा अजून गप्पच.

त्याला मोठं करायला मी दुसरी जागा शोधली.
वडिलांच्या थडग्यापाशी नेलं, तिथे तो छान बोलला.
समुद्रापुढे उभं केलं, तिथे तर फारच छान बोलला.
पण पँट आखूडच राहिली त्याची,
गुडघ्यावर ठिगळ तसंच.

आमच्याकडे घर हलवतात.
भिंतींसकट, छपरासकट, खिडकीतल्या पडद्यासकट.
खाली ओंडके, पुढे बैलांच्या जोड्या,
आणि दोराला अख्खं गाव.
माझ्या लहानपणी मावशीचं घर असंच
खाडी ओलांडून पलीकडे गेलं.
संध्याकाळी ते टेकडीवर, मावशी दारात.
ओढणाऱ्यांनी वाडगाभर रस्सा खाल्ला,
सफरचंदाची दारू प्यायली, तळहात चोळले
आणि अंधारात आपापल्या वाटेनं गेले.
कोण कोण होतं, मावशीला विचारलं होतं मी.
ती म्हणाली, बैल चांगले होते.

सकाळी भरती आली. बूट दिसेना.
प्रकाशिकेला उत्तर लिहिलं:
तेराही परत घेतले आहेत.
शिवाय एक वाढली, ती टोपलीवाली.
तिचं कोपर मी आधी नीट पाहिलंच नव्हतं.

त्या दाढवाल्याला नाव द्या म्हणाल
तर ते मात्र जमणार नाही.
नाव दिलं तर तो वर बघेल,
आणि पोराला उत्तर द्यावं लागेल.