भाग चौतिसावा

आमच्या करजहळ्ळीच्या दवाखान्याला
निळा रंग लागला तो मालिकेमुळं.
आधीचा सरकारी पिवळा कॅमेऱ्यात कावीळ दिसतो, म्हणे.
पुढची भिंत तेवढी रंगवली. मागं अजून कावीळच.

त्यांचा डॉक्टर पुण्याहून बदली होऊन येतो,
एसटीतून उतरतो तो थेट शेणात,
मग गाव हसतं, मग तोही हसतो,
आणि दर भागाच्या शेवटी कुणीतरी बरं होतं.
आमच्या हविनाळेबाई सहा वर्षांपूर्वी आल्या
त्या स्कूटीवरून, हेल्मेटात,
आणि पहिल्याच दिवशी संडासाला कडी मागितली.
यात हसण्यासारखं काही नव्हतं. आम्ही तरी हसलो.

मी इथला औषधनिर्माता, इरण्णा बिराजदार.
शूटिंगच्या कपाटात बाटल्या भरगच्च, आत रंगीत पाणी;
माझ्या कपाटावर चिठ्ठी: खोकल्याचं औषध सोमवारनंतर.
निंगव्वा दोन्हीकडं बघून म्हणाली,
"त्यातलं दे की रे. तुझ्या बापाचं काय जातंय?"

हळूहळू लोक नटापुढंच रांग लावायला लागले.
तो बिचारा पांढऱ्या कोटात, खुर्चीत डुलक्या घ्यायचा,
जाग आली की समोर कुणाचा तरी गुडघा.
एकदा त्यानं सिद्रामप्पाची नाडी धरली,
मनगटाच्या उलट्या बाजूनं,
आणि विचारलं, म्हैस किती देते?
सिद्रामप्पा आठवडाभर ठणठणीत.
बाई म्हणाल्या, सहा वर्षांत मी म्हशीचं विचारलंच नाही, इरण्णा.
दुसऱ्या दिवसापासून केसपेपरच्या कोपऱ्यात
पेन्सिलीनं बारीक:
म्हशी दोन. एक भाकड.

महादेवी शटगारची वेळ भरली ती नेमकी शॉट लागल्यावर.
बाहेर एक पोरगा भोंग्यातून ओरडतोय, सायलेन्स!
आत बाई ओरडतायत, कळ दे, अजून दे!
मैनुद्दीन गाडी चालू ठेवून दारात.
आणि मग ते रडणं,
गंजलेली कडी सरकवावी तसं,
अडत, अडत, आणि एकदम सगळं उघडं.
दिग्दर्शकानं कपाळाला हात लावला, टेक गेला.
आवाजवाला मात्र कानावरचे डबे दाबून
एक हात वर करून उभा:
हलू नका कुणी.

तिसऱ्या दिवशी पोर निळी पडली.
सोलापूरला, सिव्हिलला नेताना
वळसंगच्या पुढं मैनुद्दीननं सायरन बंद केला.
त्यानं एवढंच सांगितलं. आम्ही एवढंच विचारलं.

मालिकेत कुणी मरत नाही.
त्यांचा मॅनेजर मला चहा पिताना बोललेला,
साडेआठची वेळ आहे हो,
लोक जेवत असतात.

भाग चौतिसावा लागला तेव्हा हुरड्याचे दिवस होते.
सरपंचाच्या ओट्यावर टीव्ही, सगळं गाव घोंगड्यात.
डॉक्टर घामाघूम होऊन बाहेर येतो,
घाम बाटलीतला, आम्ही फवारताना बघितलेला,
हातात कापडाचं गाठोडं,
आणि गाठोड्यातून
तीच. गंजलेली कडी.

दाणे तळहातावर तसेच राहिले.
कुणी कुणाकडं बघितलं नाही.
हविनाळेबाई उठून अंधारात चपला शोधत राहिल्या,
चपला पायातच होत्या.

महादेवी तिथं नव्हती.
ती आली दुसऱ्या दिवशी दुपारी,
घरी लाईट नाही म्हणून, असं तीच म्हणाली.
मी मोबाईलवर लावून दिलं.
अकरा सेकंद.
"परत लाव."
लावलं. परत लावलं.
बाहेर इंजेक्शनची रांग खोळंबलेली, निंगव्वासुद्धा गप्प.

चौथ्या वेळेला तिनं रडण्यानंतरचंही ऐकलं.
तो डॉक्टर गाठोडं उंच धरून म्हणतो,
अभिनंदन! मुलगा झाला!

"खोटं बोलतोय त्यो," महादेवी म्हणाली.
आवाज साधाच, भाव चुकीचा सांगणाऱ्याशी बोलावा तसा.
"पोरगी हाय ती. लिहा की कुठं तरी."

बाईंनी तिचा जुना केसपेपर काढला,
पेन्सिल बाजूला ठेवली,
आणि माझ्याकडं पेन मागितलं.