परीक्षणाधीन

टार्टूत नोव्हेंबरात चारलाच काळोख होतो.
मी किटली ठेवते, मग ते पान उघडते,
भात शिजला का म्हणून
कुणी सारखं झाकण काढावं तसं.

'संपादकांकडे.'
एकोणीस दिवस नुसतं एवढंच.
मग एका मंगळवारी 'परीक्षणाधीन',
आणि मी प्रयोगशाळेत, मातीच्या नमुन्यांच्या खोक्यांमध्ये,
एकटीच टाळी वाजवली.
लीसीनं विचारलं, स्वीकारला?
नाही गं.
दारातून परत नाही पाठवला. आत बसवलाय,
पाणीसुद्धा विचारलेलं नाही अजून.

आमची दलदल वर्षाला एक मिलिमीटर वाढते.
एंडेल म्हणायचा,
बरं झालं, घाईच्या विषयात नाही पडलो.

फेब्रुवारीत तारीख बदलली, शब्द तोच.
म्हणजे कुणाचा तरी हात लागला.
एका परीक्षकाचा अभिप्राय आला असेल,
किंवा दुसऱ्यानं अंग काढून घेतलं असेल,
किंवा काहीच नाही,
यंत्राला शिंक आली असेल.

निर्णय आला: 'मोठ्या दुरुस्त्या.'
लीसीचा चेहरा पडला. ती नवी आहे.
मी तिला सांगितलं, नकाराचं पत्र आखूड असतं.
हे चार पानी आहे. चार पानं कुणी
नको असलेल्या माणसासाठी लिहीत नाही.

पहिल्या परीक्षकाला एक स्वल्पविराम खटकला
आणि स्वतःचे दोन लेख आमच्या यादीत हवे होते.
दिले.
दुसऱ्यानं विचारलं:
तिसऱ्या हिवाळ्याच्या नोंदी का नाहीत?
लेखकांनी खुलासा करावा.

तिसऱ्या हिवाळ्यात एंडेल सातव्या मजल्यावर होता,
खिडकीकडे बोट करून सांगत,
नळ्या गोठायच्या आत काढून आण.
मी गेले नाही.
मी त्याच्या पायांत लोकरीचे मोजे चढवत होते,
आणि ते सारखे निसटत होते.

उत्तराचे पाच मसुदे झाले.
पाठवला तो असा:
'परीक्षकांचे आम्ही आभारी आहोत.
त्या हिवाळ्यात नोंदी घेता आल्या नाहीत.
ही या अभ्यासाची मर्यादा आहे.'

मग यंत्र अडून बसलं:
'सहलेखकाच्या संमतीच्या प्रतीक्षेत.'
दर सोमवारी एंडेलला स्मरणपत्र जाई.
रकाने तीनच होते,
सहमत, असहमत, पत्ता बदलला.
तिसऱ्यावर मी एकदा
बराच वेळ बोट धरून बसले.

शेवटी उट्रेख्टच्या संपादकबाईंना सरळ लिहिलं.
दोन तासांत उत्तर, यंत्राचं नव्हे,
खाली नुसतं नाव: मारेइके.
'त्यांच्या नावापुढे खंजिराची खूण करू,
तळटीपेत तारीख. त्या हिवाळ्याचं
परीक्षकाला मी कळवू का?'
मी लिहिलं, नको.
त्यानं बरोबर प्रश्न विचारलाय.

आता पुन्हा 'परीक्षणाधीन'.
आज शनिवार, पान उघडलं नाही.
फळ्यांच्या वाटेनं दलदलीत गेले,
सातव्या नळीपाशी,
जिथे एंडेलनं शेवटचा लाल दोरा बांधला होता.
शेवाळ दोऱ्याच्या वर चढलं होतं.
हातमोजे काढून मोजलं.
तीन मिलिमीटर, थोडं कमीच.
वहीत लिहिलं.