सातवी मात्रा

पर्वरीला, टायरच्या दुकानावरच्या खोलीत
तीन दिवस त्यांनी माझा तबला भरून घेतला.
भिंतींना अंड्यांचे ट्रे, एसी बंद,
तरी पहिल्याच दिवशी पदेराचा पोंगा
सरळ ‘धिं’मध्ये घुसला.
"असू दे," वेलांका म्हणाली, "पाचव्या पातळीत घालू."

खेळ असा:
वरून सुपारीएवढे गोळे उतरतात, खाली एक रेघ.
रेघेला टेकता टेकता बोट पडलं
तर सुपारी फुटते, आत सोनं.
नाहीतर घरंगळत जाते
आणि पडदा म्हणतो, चुकलं.

विलंबित एकताल.
हात माझा, शाई माझी,
गोळे मात्र घड्याळानं सोडलेले.
मला शंभरात एकसष्ट.
वेलांकाच्या भाच्याला, वय नऊ, अठ्ठ्याण्णव.
त्यानं माझ्या पाठीवर हात ठेवून धीर दिला.

मग तिनं माझ्या ठेक्याची हिरवी रेषा दाखवली.
"मास्तर, दर आवर्तनात सातवीला उशीर.
दर वेळी तेवढाच, नखाएवढा.
माझे आजोबा कुडतरीच्या इगर्जीत सोल्फा शिकवायचे, छडी घेऊन.
म्हणायचे, चुकणारा रोज नवं चुकतो.
ही चूक नव्हे.
इथे कोण आहे?"

इथे शेवंताबाय आहे.
म्हार्दोळची. दम्याची.
‘ना’ संपला की ‘क’च्या आधी
तंबोऱ्याच्या आड तोंड वळवून
श्वास ओढून घ्यायची, समोरच्यांना कळू न देता.
एकोणीस वर्षं मी तिथे थांबलो.
तिनं कधी मागितलं नाही,
मी कधी बोललो नाही.
ती गेली, त्याला बावीस वर्षं.
नंतरचे गवई मागे वळून बघायचे, रागानं:
मास्तर, लय!
हाताला कोणी कळवलंच नव्हतं.

वेलांका काही बोलली नाही.
चहा निवला, ती टाइप करत राहिली.

आता सातवी सुपारी
रेघेच्या केसभर वर थबकते.
तक्रारी येतात: खेळ तिथे अडकतो, दुरुस्त करा.
ती करत नाही.
भाचा सत्तरवर घसरला, दोन दिवस रुसला,
मग एका संध्याकाळी बघतो तर
सहावी फोडून पोरगा तोंड उघडतो,
खांदे वर, छाती भरून,
आणि मगच बोट.
हे त्याला कोणी शिकवलेलं नाही.

मला?
बाहत्तर.
बाकीच्या मात्रांत कोणी नाही.
त्या माझ्याच चुका.